वीज गेली आणि खतावणी बिघडली: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये आमचा चादरी आणि टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. सुताची आवक, बीमचा हिशेब, विणकरांची आठवड्याची मजुरी आणि विक्रीची बिले हे सर्व एका स्थानिक प्रोग्रॅमरने करून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामागे मायएसक्यूएल 8.0 चा डेटाबेस असून तो ऑफिसातल्या विंडोज संगणकावर चालतो. गेल्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली, यूपीएसने दोन मिनिटेही तग धरला नाही आणि संगणक चालू कामात बंद पडला. तेव्हापासून मायएसक्यूएलची सर्व्हिस सुरू होते आणि लगेच बंद पडते. आम्ही सात-आठ वेळा प्रयत्न केला. एरर फाइलमध्ये ‘डेटाबेस पेज करप्शन’ असे शब्द दिसतात. डेटा फोल्डरमधल्या ‘आयबी लॉगफाइल’ नावाच्या दोन फाइली काढून टाकल्या की सर्व्हिस सुरू होईल, असे एका ओळखीच्या मुलाने सांगितले आहे. अजून काढलेल्या नाहीत. शेवटचा बॅकअप बारा दिवसांपूर्वीचा, पेनड्राइव्हवर आहे. प्रोग्रॅमर आता पुण्यात असतो आणि शनिवारी मजुरी वाटायची आहे. काय करावे?
— एक चादर उत्पादक, सोलापूर

उत्तर : त्या दोन फाइली काढू नका. आपल्या पत्रात एवढी एकच गोष्ट अशी आहे की जी केल्यावर मागे फिरता येणार नाही. बाकी सर्व अद्याप आपल्या हातात आहे. सर्व्हिस पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणेही येथेच थांबवा, कारण प्रत्येक प्रयत्नात इंजिन दुरुस्तीचे काम नव्याने हाती घेते, फाइलींवर काही ना काही लिहिते आणि पुन्हा त्याच पानापाशी अडखळते.

कारण समजण्यासाठी पूर्वीच्या पेढीवरील वह्या आठवाव्यात. दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने आधी कीर्दीत उतरे आणि तेथून खात्यावार खतावणी मुनीम सवडीने करीत असे. मध्येच काही कारणाने खतावणी अर्धी राहिली, तरी कीर्द शाबूत असल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी पुरी करता येई. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे इंजिन याच रीतीने काम करते. खतावणी म्हणजे टेबलांच्या फाइली, ज्या 16 केबीच्या पानांनी लिहिल्या जातात. कीर्द म्हणजे रीडू लॉग, आणि तो आपल्याकडे नेमका त्या दोन फाइलींमध्ये आहे. (आवृत्ती 8.0.30 पासून तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला जातो. आपल्याला या फाइली दिसतात त्या अर्थी आपली आवृत्ती त्याआधीची असावी.) वीज गेली त्या क्षणी जी बिले ‘सेव्ह’ झाल्याचा संदेश आपल्या माणसाला मिळाला होता, पण जी टेबलांच्या फाइलींपर्यंत पोचली नव्हती, ती आजमितीस फक्त या लॉगमध्ये आहेत. तो काढून टाकल्यावर कधी कधी सर्व्हर उठतो हे खरे आहे, आणि म्हणूनच हा सल्ला तोंडोतोंडी पसरतो. परंतु उठलेल्या त्या सर्व्हरमधील काही पाने नवी आणि काही जुनी असतात, पानांवरचे लॉगक्रमांक नव्या कोऱ्या लॉगच्या पुढे गेलेले असतात, आणि हिशेब जुळत नाही हे महिनाभराने लक्षात येते.

कीर्द शाबूत असताना दुरुस्ती आपोआप का झाली नाही, हा रास्त प्रश्न आहे. लॉगमधील नोंद ‘अमक्या पानावर अमका बदल करा’ अशा स्वरूपाची असते. ती लावण्यासाठी मूळ पान धड असावे लागते. डिस्क मात्र 16 केबीचे पान एका दमात लिहिण्याची हमी देत नाही, तिचे स्वतःचे माप 512 बाइट किंवा 4 केबी असते. त्यामुळे नेमके लिहिताना वीज गेली तर अर्धे पान नवे आणि अर्धे जुने राहू शकते. कीर्द सांगते की चौथ्या ओळीत 500 मिळवा, आणि चौथी ओळच पुसली गेलेली असते. यासाठीच इनोडीबी प्रत्येक पान आधी एका राखीव जागी संपूर्ण लिहून ठेवते आणि मग मूळ जागी लिहिते. यास डबलराइट म्हणतात, आणि कोणी मुद्दाम बंद केले नसेल तर ते चालू असते. तरीही पान बिघडले असेल, तर ‘वेग वाढावा’ म्हणून ही सोय बंद केलेली आहे, किंवा मेमरी अथवा डिस्क सदोष आहे, किंवा डिस्कने ‘लिहिले’ असे सांगून माहिती प्रत्यक्षात आपल्या तात्पुरत्या स्मृतीतच धरून ठेवली होती, यांपैकी काहीतरी संभवते. स्वस्त डिस्कच्या बाबतीत माझा संशय शेवटच्या कारणावर अधिक असतो.

आता प्रत्यक्ष काम. सर्व्हिस बंद ठेवून, तिचा प्रारंभ ‘मॅन्युअल’ करून, संपूर्ण डेटा फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हा फोल्डर सामान्यतः सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रॅमडेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो. केवळ टेबलांच्या आयबीडी फाइली घेऊन भागत नाही. सामाईक आयबीडेटा फाइल, मायएसक्यूएलची अंतर्गत सूची, लॉग, अनडूच्या (बदल मागे घेण्याच्या) फाइली, सर्वच हवे. उतरवताना एखाद्या फाइलीवर डिस्क अडकली किंवा डिस्कमधून टकटक आवाज आला, तर बिघाड यंत्राचा आहे असे समजून संगणक बंद करावा आणि डिस्क जाणकाराकडे न्यावी. विंडोजची चेकडिस्क दुरुस्ती प्रत उतरण्याआधी चालू देऊ नका. संगणक सुरू होताना ती आपणहून पुढे आली तर पडद्यावर सांगितल्याप्रमाणे कळ दाबून टाळा, कारण ती फाइल व्यवस्थेची काळजी घेते, आपल्या टेबलांची नव्हे.

प्रत हाती आल्यावर तिचीही एक प्रत करा आणि पहिली बाजूला ठेवून द्या. हे मी पुस्तकी सावधगिरी म्हणून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी होटगी रोडवरील एका टॉवेल कारखान्यात, जुन्या मायआयसॅम प्रकारच्या टेबलांवर, मी प्रत न घेता थेट दुरुस्तीची आज्ञा दिली होती. मे महिना होता, पंखा गरम हवा फेकत होता, मालक दारात उभे होते, आणि दुरुस्ती अर्ध्यावर असताना पुन्हा वीज गेली. आधी जे टेबल फक्त उघडत नव्हते, ते त्यानंतर उघडले, पण त्याच्या शेवटच्या पावणेतीन महिन्यांच्या नोंदी त्यात नव्हत्या. मालकांनी एक शब्दही उच्चारला नाही, आणि तेच अधिक बोचले.

पुढील सर्व काम दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रतीवर करायचे. तो संगणकही विंडोजचाच असलेला बरा, कारण टेबलांच्या नावांतील लहान-मोठ्या लिपीचा नियम विंडोज आणि लिनक्सवर वेगळा असतो आणि 8.0 आवृत्ती तो मागाहून बदलू देत नाही. मायएसक्यूएलची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत तीच बसवावी. तो आकडा एरर फाइलमध्ये, सर्व्हर सुरू होतानाच्या ओळीत लिहिलेला असतो.

येथून आपल्यापुढे दोन वाटा आहेत, आणि बहुतेक लोक दुसऱ्या वाटेने आधी जातात. पहिली वाट बारा दिवसांपूर्वीच्या बॅकअपची आहे. 8.0 आवृत्तीत बायनरी लॉग मुळातच चालू असतो आणि, मुदत बदललेली नसल्यास, 30 दिवस ठेवला जातो. हा रीडू लॉगहून वेगळा आहे: रीडू लॉग पानांची भाषा बोलतो, तर बायनरी लॉगमध्ये कोणत्या टेबलात कोणती नोंद आली, बदलली किंवा गेली हे क्रमाने लिहिलेले असते. म्हणजे कोऱ्या, निरोगी सर्व्हरमध्ये पेनड्राइव्हवरील बॅकअप भरून त्यावर बारा दिवसांचा बायनरी लॉग लावला, तर आपण वीज जाण्याच्या क्षणापर्यंत येऊ शकता, आणि बिघडलेल्या पानाला हातही लावावा लागत नाही. डेटा फोल्डरमध्ये ‘बिन’ हा शब्द आणि पुढे सहा आकड्यांचा क्रमांक असलेल्या फाइली आहेत का, हे आजच पाहा. प्रोग्रॅमरने जागा वाचवण्यासाठी हा लॉग बंद केला नसेल, तर शनिवारची मजुरी वाटली जाईल असे मी जवळजवळ खात्रीने सांगतो.

लॉग कोठून लावायचा हे ठरवताना बॅकअपची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडावी. बॅकअप घेताना तसा पर्याय दिला असेल, तर सुरुवातीच्या ओळींतच बायनरी लॉगच्या फाइलीचे नाव आणि स्थान लिहिलेले सापडते. तसे नसेल तर तळाशी ‘डंप कम्प्लीटेड ऑन’ या शब्दांपुढे तारीख आणि वेळ असते. ही वेळ बॅकअप संपल्याची आहे. तो रात्री, कोणी काम करीत नसताना घेतला असेल तर तीच वेळ धरून चालते, पण भर दिवसा घेतला असेल तर मधल्या काही नोंदी सुटण्याची शक्यता राहते. अशा वेळी थोडी आधीची वेळ घ्यावी आणि मायएसक्यूएल-बिनलॉग या साधनाचा ‘आयडेम्पोटंट’ पर्याय वापरावा, म्हणजे आधीच असलेली नोंद पुन्हा आली तरी काम थांबत नाही. मूळ बॅकअपमध्ये सॉफ्टवेअरची स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) नसतील तर गोंधळू नका; ती मायएसक्यूएल-डंप हे बॅकअप घेणारे साधन मुद्दाम सांगितल्याशिवाय घेत नाही, आणि ती प्रोग्रॅमरकडे असणारच.

बायनरी लॉग नसेल तर दुसरी वाट, म्हणजे बिघडलेल्या प्रतीलाच बळेने उठवणे. मायएसक्यूएलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ नावाचा पर्याय आहे, त्याला 1 ते 6 अशा पातळ्या आहेत. पातळी 1 ला सर्व्हर बिघडलेले पान दिसले तरी पडत नाही आणि शक्य तेथे ते ओलांडून पुढे जातो. 2 ला मागे चालणारी सफाई थांबते. 3 ला अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घेतले जात नाहीत. येथपर्यंत जाण्यात धोका कमी आहे. चारपासून पुढे मात्र खुद्द डेटा कायमचा बिघडू शकतो, आणि सहाव्या पातळीवर सर्व्हर कीर्द वाचतच नाही, म्हणजे त्या मुलाचा सल्ला वेगळ्या मार्गाने अमलात येतो. म्हणून एकापासून सुरुवात करावी, सर्व्हर ज्या पातळीवर उठेल तेथेच थांबावे, आणि त्या स्थितीत फक्त माहिती बाहेर काढावी. पर्याय चालू असेतोवर इनोडीबी नवी नोंद, बदल वा खोडणे यांना नकारच देते, आणि ते योग्यच आहे. सर्व्हर उठला म्हणजे काम झाले असे समजून लोक तो तसाच वापरू पाहतात. तो रुग्ण जबानी देण्यापुरता शुद्धीवर आला आहे.

माहिती काढताना संपूर्ण डेटाबेसचा एकच डंप घेऊ नका, कारण तो बिघडलेल्या टेबलापाशी तुटतो आणि त्यानंतरची धडधाकट टेबलेही हाती लागत नाहीत. एकेक टेबल वेगळे काढा. आपल्या कारखान्यात पन्नास टेबले असतील तर बहुधा अठ्ठेचाळीस मुकाट्याने बाहेर येतील. आज्ञा पॉवरशेलमध्ये देऊन बाणाच्या चिन्हाने फाइल बनवू नये. ती फाइल यूटीएफ-16 मध्ये तयार होते आणि परत भरताना अडते. डंपचा स्वतःचा ‘रिझल्ट फाइल’ हा पर्याय वापरावा. विणकरांची नावे मराठीत किंवा तेलुगूत भरलेली असतील तर एखादी फाइल उघडून ती नावे वाचता येतात ना, की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आहे, हे मूळ प्रत जवळ असतानाच पाहावे.

उरलेली एक-दोन टेबले हे खरे कौशल्याचे काम. समजा मजुरीचे टेबल बिघडले आहे आणि त्यात अनुक्रमांक 1 पासून 60,000 पर्यंत आहेत. प्रथम 1 ते 30,000 मागावेत. आले तर 30,001 ते 45,000. तेथे संपर्क तुटला तर सर्व्हर पुन्हा उठवून 30,001 ते 37,500, आणि असे अर्धे-अर्धे करीत जावे. दुसऱ्या बाजूने, म्हणजे 60,000 पासून उलट क्रमाने, खाली यावे. दोन्ही बाजूंनी जवळ येत शेवटी एक अरुंद पट्टा उरतो, समजा 41,212 ते 41,297, जो कोणत्याही रीतीने वाचता येत नाही. इनोडीबीत नोंदी मूळ किल्लीच्या (येथे अनुक्रमांकाच्या) क्रमानेच पानांवर मांडलेल्या असल्यामुळे एक पान गेले म्हणजे सलग एवढ्याच नोंदी गेल्या, विखुरलेल्या नव्हे. कधी कधी बिघाड मूळ नोंदींत नसून एखाद्या दुय्यम इंडेक्सच्या (शोधसूचीच्या) पानात असतो. मूळ किल्लीने मागितल्यास सर्व नोंदी येतात आणि नावाने शोधल्यास सर्व्हर पडतो, तेव्हा तसे समजावे. त्या वेळी काहीच गमावलेले नसते, कारण नव्या सर्व्हरमध्ये टेबल भरले की इंडेक्स आपोआप नव्याने बनतो.

नव्या सर्व्हरमध्ये सर्व भरून झाल्यावर तो पट्टा कागदावरून भरायचा. मजुरीचा कागद बहुधा जॉबरच्या वहीत सापडेल. विक्रीची बिले अधिक सोपी आहेत: उलाढाल 5 कोटींहून अधिक असल्यास 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे, आणि तसे प्रत्येक बिल जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-1 मध्ये आपोआप उतरलेले असते, परराज्यात गेलेल्या 50,000 रुपयांवरील मालाचे ई-वे बिलही निघालेले असणार. आपल्या बिलांची एक प्रत सरकारकडे असते, हे अशा दिवशी उपयोगी पडते. शेवटी बिलांचे अनुक्रम, महिनावार बेरजा आणि सुताचा शिल्लक साठा जुळवून पाहा. गोदामातल्या गोण्या प्रत्यक्ष मोजणे हे सर्वांत जुने, आणि माझ्या मते अद्याप सर्वांत भरवशाचे, पडताळणीचे साधन आहे.

यूपीएसबद्दल थोडे. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगितलेले असते, आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की ते निम्म्यावर येते असा ठोकताळा आहे. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्र्याखालचे ऑफिस लक्षात घेता तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात संपली तर नवल नाही. यूपीएसच्या मागे असलेली यूएसबी वायर बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून राहते. ती जोडल्यास बॅटरी संपत आली की विंडोज स्वतःच मायएसक्यूएल नीट बंद करून संगणक बंद करू शकते. आणि बॅकअप रोज रात्रीचा हवा, दुसऱ्या यंत्रावर हवा, शिवाय महिन्यातून एकदा तो कोऱ्या सर्व्हरवर भरून पाहिलेला हवा. चालू सर्व्हिसचा डेटा फोल्डर तसाच्या तसा ऑनलाइन ड्राइव्हवर टाकणे यास मी बॅकअप म्हणत नाही. निरनिराळ्या क्षणी टिपलेल्या पानांची ती मोट असते.

प्रश्न : मी सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षात शिकते. अभ्यासक्रमात असे आहे की लॉग आधी लिहिला जातो, त्यामुळे सिस्टीम क्रॅश झाली तरी डेटाबेस आपोआप पूर्वपदावर येतो. असे असेल तर डेटाबेस करप्ट होतोच कसा? आणि रीडू झाल्यावर पुन्हा अनडू करण्याऐवजी अपूर्ण व्यवहारांचे रीडूच का टाळत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो एका अख्ख्या संशोधनाच्या मुळाशी आहे. आयबीएमच्या अल्माडेन संशोधन केंद्रातील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ‘एरीज’ ही पद्धत सविस्तर मांडली. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. तिच्यात तीन फेऱ्या आहेत. पहिलीत लॉग वाचून क्रॅशच्या क्षणी कोणते व्यवहार अपूर्ण होते आणि कोणती पाने डिस्कवर पोचली नव्हती हे ठरते, दुसरीत पूर्ण-अपूर्ण असा भेद न करता सर्व बदल पुन्हा केले जातात, आणि तिसरीत अपूर्ण व्यवहार मागे घेतले जातात. दुसऱ्या फेरीत भेद न करणे वरवर वेळखाऊ वाटते. परंतु अपूर्ण व्यवहारातील काही बदल क्रॅशपूर्वीच डिस्कवर पोचलेले असू शकतात, काही व्यवहारांचे अनडू अर्धे झालेले असू शकते, आणि एकाच पानावर दोन व्यवहारांच्या नोंदी शेजारी शेजारी असतात. अशा वेळी निवडून रीडू केल्यास ते पान अशा स्थितीत येते की ज्या स्थितीत ते कधीच नव्हते, आणि मग त्यावर अनडू लावणे अशक्य होते. म्हणून इतिहास होता तसा पुन्हा घडवायचा, डेटाबेस क्रॅशच्या क्षणापर्यंत आणायचा, आणि तेथून नेहमीच्या रोलबॅकप्रमाणे मागे यायचे. अनडू करतानाही त्याची नोंद लॉगमध्ये होते, त्यामुळे रिकव्हरी चालू असताना पुन्हा वीज गेली तरी तेच काम दोनदा उलटे केले जात नाही.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही तिसरी फेरी नाही, हे आपल्या तोंडी परीक्षेत कामास येईल. तेथे नोंद बदलली की जुनी आवृत्ती टेबलातच राहते, म्हणून अपूर्ण व्यवहाराच्या नोंदी मागे घेण्याची गरज नसते. त्या कोणास दिसत नाहीत आणि पुढे व्हॅक्युम त्यांची सफाई करते. अर्धवट पानाचा प्रश्नही तेथे वेगळ्या रीतीने सोडवला आहे: चेकपॉइंटनंतर (साचलेले बदल डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर) एखादे पान पहिल्यांदा बदलते तेव्हा 8 केबीचे संपूर्ण पानच लॉगमध्ये उतरवले जाते.

आता पहिला प्रश्न. अभ्यासक्रमातील विधान खोटे नाही, पण त्यामागे एक गृहीत आहे: ‘हे कायमचे लिही’ असे सांगितल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम आणि डिस्क ते खरोखर लिहितात. या आज्ञेला एफसिंक म्हणतात. 2018 मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांसमोर असे आले की लिनक्सवर एफसिंक एकदा अयशस्वी झाले, तर न लिहिलेली पाने ‘स्वच्छ’ ठरवली जाऊ शकतात आणि पुढची एफसिंक ‘यशस्वी’ म्हणून परतते. पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करून निश्चिंत होत असे, आणि माहिती मात्र गेलेली असे. फेब्रुवारी 2019 च्या आवृत्त्यांपासून एफसिंक अयशस्वी झाल्यास पोस्टग्रेस स्वतःच थांबतो आणि लॉगवरून नव्याने रिकव्हरी करतो. म्हणजे शहाणपणाचा उपाय हाच ठरला की शंका आल्यावर मुद्दाम क्रॅश व्हावे. आपण प्रयोगशाळेत हे करून पाहू शकता: व्हर्च्युअल मशीनमध्ये पोस्टग्रेस चालवा, नोंदी भरत असतानाच मशीनची वीज तोडल्यासारखे ते बंद करा, आणि पुन्हा सुरू झाल्यावर लॉगमध्ये ‘रीडू स्टार्ट्स ॲट’ ही ओळ शोधा.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची कांद्याची आडत आहे. पट्ट्यांचा हिशेब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एकाच फाइलमध्ये असून चार संगणक ती वायफायवरून उघडतात. परवा मुख्य संगणक बंद पडल्यापासून ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ असा संदेश येतो. वरच्यासारखा लॉग आमच्याकडे असतो का?
— एक आडते, सोलापूर

उत्तर : नसतो. ॲक्सेसच्या फाइलीला कीर्दच नाही, फक्त खतावणी आहे. त्यामुळे क्रॅशनंतर आपोआप पूर्वस्थितीत येण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये. चारही संगणकांवर सॉफ्टवेअर बंद करून फाइलीची प्रत घ्यावी आणि त्या प्रतीवर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावे. त्याने उघडली नाही तर नवी कोरी फाइल बनवून बिघडलेल्या फाइलीतून एकेक टेबल आयात करून पाहावे. फॉर्म आणि रिपोर्ट खराब झाले असतील तर ते जुन्या प्रतीतून घेता येतात, तेथे ताज्या नोंदींचा प्रश्न नसतो. आयात झालेल्या टेबलात एखाद्या ओळीत ‘डिलीटेड’ असे शब्द किंवा चिनी वाटणारी अक्षरे दिसली तर ती ओळ गेली असे समजून शेतकऱ्याच्या पट्टीच्या स्थळप्रतीवरून पुन्हा भरावी. फाइल 2 जीबीच्या जवळ गेली आहे का तेही पाहा, कारण ॲक्सेसची तीच कमाल मर्यादा आहे आणि हंगामात ती नकळत गाठली जाते.

आपल्या बाबतीत खरा दोष वायफायचा आहे. चार संगणक एकाच फाइलीत थेट लिहीत असताना एकाचा संपर्क क्षणभर तुटला तरी फाइल अर्धी लिहिलेली राहते, त्यासाठी वीज जाण्याचीही गरज नसते. तारेची जोडणी करून घ्या आणि टेबलांची फाइल व पडद्यांची (फॉर्म आणि रिपोर्टची) फाइल वेगळी करा; जमल्यास टेबले एखाद्या सर्व्हर प्रकारच्या डेटाबेसमध्ये हलवा, पडदे ॲक्सेसचेच राहिले तरी चालतात. मूळ फाइलीशेजारी त्याच नावाची एक छोटी लॉक फाइल दिसेल. ती काढून टाकल्याने बिघाड जात नाही. आणि चौघांपैकी कोणाच्याही संगणकावर सॉफ्टवेअर उघडे असताना तर तिला हात लावू नये.